डिकॉक्शन उतरेपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते मामींचे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या. वडील ज्या कापड मिलमध्ये होते तिथल्या विव्हिंग मास्तरांच्या, म्हणजे विणकाम खात्याच्या प्रमुखांच्या, त्या पत्नी. दोघं दक्षिणेतली, कुंभकोणमकडची. वीस-बावीस वर्षं इंदुरात राहून मामी मराठी बोलायला आणि वाचायलाही शिकल्या होत्या. सगळी चाळ त्यांना मामी म्हणायची, म्हणून मीही.

आज सुदामा नगरच्या घरात सकाळी मी जी कॉफी करतो ती त्यांचीच. पितळी फिल्टरच्या वरच्या, तळाला बारीक भोकं असलेल्या भांड्यात तीन चमचे पूड घालायची. थोडी चिकोरी चालते, जास्त नाही. पूड सारखी करायची, दाबायची नाही. पाणी उकळलं की खाली उतरवून, जरा शांत झालं की गोल फिरवत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि तिथून सरळ निघून जायचं. दूध ताजं तापवलेलं, साखर अर्धा चमचा. बायकोला जायफळ लागतं; तिच्या कपात घालतो, माझ्या नाही. मुलगी बाटलीतली इन्स्टंट पिते. "बाबा, तुमची कॉफी होईपर्यंत माझी पिऊन कप धुऊन होतो," म्हणते. ते खरंच आहे.

माझी शाळा आजोळी, तालुक्याच्या गावी झाली. बारावीनंतर कॉलेजसाठी इंदूरला वडिलांकडे आलो. वडील जॉबर होते, म्हणजे अडलेले माग चालू करून देणारे. चाळीतली एक खोली आणि माणसं सहा. मला अभ्यासाला जागा नाही हे कळल्यावर मामी म्हणाल्या, "पहाटे पाचला ये. माझं स्वयंपाकघर रिकामंच असतं."

पहिल्या दिवशी त्यांनी मला टेबलाला घट्ट बसवलेली हातचक्की फिरवायला दिली. भाजलेल्या बिया आत पडत होत्या आणि जो वास सुटला तो मी आयुष्यात कधी घेतला नव्हता. आमच्याकडे कॉफी म्हणजे एकादशीला किंवा कुणाला ताप आला की दुधात खळखळ उकळायची, भरपूर साखर आणि वर जायफळ. इथे काही उकळत नव्हतं. बंद पितळी भांड्यात, न दिसता, न वाजता काहीतरी होत होतं. बऱ्याच वेळानं मामींनी वरचं भांडं उचललं तर खालच्या भांड्यात थेंबाथेंबानं उतरलेला कॉफीचा अर्क, काळंभोर, चमकणारं डिकॉक्शन. मी बघतच राहिलो. मग न राहवून विचारलं, "मामी, जायफळ?"

"का रे, ताप आलाय?"

तेव्हापासून रोज पहाटे मी चक्की फिरवायची, एक पेला प्यायचा आणि पुस्तक उघडायचं. रसायनशास्त्राची कितीतरी समीकरणं मला अजून त्या वासासकट आठवतात.

मी शेवटच्या वर्षाला असताना मिलच्या गेटवर नोटीस लागली. भोंगा बंद झाला. आमच्या भागातली माणसं भोंग्यावर उठायची, डबे भरायची. आता कुणाला किती वाजले ते कळेना. त्याच दिवसांत बाजारात रंगीत टीव्ही आणि नवनवीन चीजा दिसू लागल्या. देश खुला झाला असं पेपरात रोज यायचं. आमच्या गेटला कुलूप होतं.

तीन महिने वाट पाहून वडिलांनी बुऱ्हाणपूरला पॉवरलूमवर जायचं ठरवलं, मला घेऊन. दोघं असलो तर जास्त माग सांभाळता येतील. एका पहाटे ते माझ्याबरोबरच मामींकडे आले.

"मामी, बुरा मानू नका. उद्यापासून हा येणार नाही. कॉलेज बस झालं आता."

मामींनी फिल्टरवर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, "बसा भाऊ. कॉफी लावलीय, उतरली की पिऊन जा," आणि दूध आणायला बाहेर गेल्या.

वडील बसले. फिल्टरकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली, आवाज नाही, हालचाल नाही. त्यांनी बोटांनी दोनदा टकटक केलं. कान लावला. मग भांडं उचलून चांगलं हलवलं, तळाशी थापट्या मारल्या. अडलेल्या मागाला ते अशाच थापट्या मारत.

मामी दारात उभ्या होत्या. "हे काय केलंत?"

"अडलं होतं. चालू करत होतो."

"अडलं नव्हतं, उतरत होतं. आता मात्र अडलं. पूड बसली सगळ्या भोकांत."

मी तोंड पुस्तकात घातलं. मामींनी सगळं ओतून टाकलं, भांडं धुतलं, मला पुन्हा चक्कीवर बसवलं. वडील ओशाळले होते. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी धुतलेलं भांडं खिडकीच्या उजेडात धरलं आणि तळ बघितला. ठाणातला दोष शोधायला ते कापड असंच धरायचे. बराच वेळ धरून राहिले.

"हे कुणी पाडलं? एक भोक इकडचं तिकडे नाही."

"आमच्या गावचे कारागीर. आईचा फिल्टर आहे माझ्या."

"वा," वडील म्हणाले. तीन महिन्यांत एखाद्या वस्तूवर त्यांची नजर अशी ठरलेली मी पाहिली नव्हती.

पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा झाकण. आता वडिलांनी हात मांडीवरच ठेवले. मग मामींनी विचारलं, "पेपर किती दिवसांवर आलेत, विचारलंत त्याला?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"चाळीस," मी म्हणालो.

"मग हा बी.एस्सी. होणार?"

"होईल की," मामी म्हणाल्या. "तुम्ही मधेच थापट्या मारल्या नाहीत तर."

वडील हसले, मोठ्यानं. पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरून संपवला. "कडू आहे," म्हणाले, आणि आणखी मागितली. घरी येताना रस्त्यात एवढंच बोलले, "मी जातो पुढं. तू पेपर दे."

निकालाच्या आधीच मास्तर आणि मामी गावी परतले. मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

ती. मामींना साष्टांग नमस्कार.

काल निकाल लागला. मी पास झालो, सेकंड डिव्हिजन. पेपरात नंबर तीनदा वाचला, मग हॉलतिकीट शेजारी ठेवून चौथ्यांदा. आमच्या घरात आठवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं हे तुम्हाला माहीत आहे. मला अजून खरं वाटत नाही.

वडील दोन दिवसांसाठी आले आहेत. जरा खोकला आहे, बाकी ठीक. माझ्या नंबराभोवती पेनानं गोल करून तो पेपर घेऊन ते चाळभर फिरले. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही दाखवला. मी एका शाळेत अर्ज केला आहे. नोकरी लागली तर त्यांना परत बोलावून घेईन.

मास्तरांना नमस्कार सांगा. तुमच्यासाठी पुष्कळ लिहायचं मनात होतं, पण वडील समोरच बसले आहेत आणि पुरं झालं की वाचून दाखव म्हणतात. म्हणून इथेच थांबतो.

तुमचा आज्ञाधारक