भीमण्णाचे दोन दात

“लोहाराला घण, कुंभाराला चाक, आन् सनईवाल्याला दात,” असं भीमण्णा येता-जाता म्हणायचा. खजुरी गावच्या देवळापुढं पहाटे सनई वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा. निजामाच्या आधीपासूनचा, असं तो छाती काढून सांगे. सनईची पत्ती ओठांत धरली की ओठाला मागून टेका लागतो तो समोरच्या दातांचा. टेका गेला की सूर फाटतो, आणि सूर फाटला की मान दुसऱ्या घरात जातो.

म्हणून समोरचे दोन दात किडले, हिरड्यांतून पू यायला लागला, तरी त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. पहाटे मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायच्या, बोटानं हिरडी दाबायची, लवंग धरायची आणि देवळाकडं निघायचं. त्यानं चूळ टाकली तिथलं रक्त बायको चन्नव्वा रोज राखेनं झाकायची.

मागं बसून सूर धरणारा चुलतभाऊ शरणप्पा थट्टा करी, “दादा, काढून टाक की ते. सनई मी वाजवतो, तू टाळ कुट.”

“माझ्या तिरडीपुढं वाजव, लेका!”

अशी दोन वर्षं गेली. मग रोज संध्याकाळी कणकण यायला लागली. देवळाच्या पाच पायऱ्यांना धाप लागायला लागली. पाय सुजले. चन्नव्वानं हट्टानं त्याला गुलबर्ग्याच्या दवाखान्यात नेलं. म्हातारे डॉक्टर छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “मुँह खोलो.”

तोंड बघून त्यांनी नळी खाली ठेवली. “दाँतां का जहर खून में गया, मियाँ. खून से दिल में. दो साल पहले आना था.”

“आता काढले तर बरं हुईल का, साहेब?” चन्नव्वानं विचारलं.

दात तर काढायलाच हवेत, पण बिघडलेलं काळीज आता पहिल्यासारखं होणार नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. हा आता उठून जाईल, असं चन्नव्वाला वाटलं. पण भीमण्णानं स्वतःहून तोंड उघडलं.

महिन्यानं जखम भरली. अंगणात बसून त्यानं ओठ दुमडले, रिकाम्या हिरडीवर पत्ती धरली आणि फुंकली. सूर लागला. स्वच्छ, न फाटता लागला.

“लागला की गं!” तो लहान पोरासारखा हसला. पुन्हा फुंकली. तिसऱ्या स्वराला दम संपला. सनई मांडीवर ठेवून तो कितीतरी वेळ श्वास गोळा करत राहिला.

“दातांबिगर बी वाजतंय,” तो म्हणाला. “मग मी कामून जपले गं ते?”

चन्नव्वा पदर तोंडाला लावून बसली.

“कामून रडायलीस? देवळाच्या पंचांना सांगून येतो, आता दुसरं कुणी बघा म्हणून.”

“मी सांगते की. तुम्ही बसा.”

“न्हाई. मान माझा हाय. मीच सांगणार.”

त्यानं पटका नीट बांधला आणि निघाला. दहा पावलं चालायचा, भिंतीला हात लावून थांबायचा, पुन्हा चालायचा. चन्नव्वा उंबऱ्यात उभी होती. तो थांबला की तिचाही श्वास थांबायचा. वळणाशी तो दिसेनासा झाला, तरी ती तिकडंच बघत राहिली.