व्हॅनच्या पोटाचा निळा रंग

भंगारात द्यायच्या व्हॅनची पुढची चाकं दुरुस्त करून घेणारा माणूस अख्ख्या पनवेलमध्ये एकच, आणि तो नेमका माझा बाप. कळंबोलीचा भंगारवाला रविवारी येणार हे ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "पुढच्या चाकांचं काम करून दे बाय. मोडायला नेली तरी होडी तरंगत जाते. माजी गारी लंगडत जायाची नाय." मी कपाळावर हात मारून घेतला आणि मेकॅनिकला फोन लावला. बाबांपुढे माझं कधी काही चाललंय?

ही व्हॅन माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तिच्यातून बाबा उरणहून पनवेलच्या बाजारात मासळी आणायचे. धंदा सुटला, वास काही सुटला नाही. पण रोज सकाळी कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं, हा नेम त्यांनी सत्तरीनंतरही मोडला नव्हता. मग स्टिअरिंग जड होत गेलं. एकदा वळणावर ते वेळेत वळेना आणि गाडी भाजीच्या हातगाडीला घासून थांबली. लागलं कुणाला नाही, चार दुधी रस्त्यावर घरंगळले. त्या दिवशी मीच म्हणाले, "बाबा, तुमच्या हातात आता ताकद राहिली नाही. पुरे करा." ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चावी खिळ्याला टांगली आणि बाल्कनीत जाऊन बसले. चार महिने झाले, तिथेच बसत होते.

मेकॅनिक आखातातल्या गॅरेजात बरीच वर्षं काढून परतलेला, बाबांना चाचा म्हणणारा. त्याने गाडी आमच्या दारातच जॅकवर उचलली आणि खाली लाकडी ठोकळे लावले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले, मी टॉर्च धरून वाकले. पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी दांडीभोवती वळतं तिला किंगपिन म्हणतात, एवढं ज्ञान मला तिथं उभ्याउभ्या मिळालं. ती पिन निघता निघेना. त्याने ती तापवली, घणाने ठोकली, मधे दोन चहा झाले. शेवटी बाहेर आली ती तांबड्या गंजाने खरबरीत झालेली.

"या अल्ला! चाचा, ही कधीपासून कोरडी आहे? म्हणून स्टिअरिंग वळत नव्हतं."

"कोरडी कशी? बाय दरसाल ग्रीस भरते," बाबा तडकले.

भरत होते ना. बाबांचे गुडघे गेल्यापासून गाडीखालचं सगळं माझ्याकडेच होतं. नारळी पौर्णिमेच्या आधी काकांची होडी रंगवून निळा रंग उरला की तो मी व्हॅनच्या पोटाला फासायचे. आम्ही कोळी माणसं, खारं पाणी शिरेल अशी फट दिसली की आमचा हात शिवशिवतो. मग चाकामागच्या फटीत ग्रीस गन दाबायची. वरून बाबा विचारायचे, "भरलं का?" ग्रीस बाजूने भळाभळा बाहेर आलं की मी ओरडायचे, "भरलं!" आणि फडक्याने पुसून मोकळी.

मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हरने एक निळा गोळा खरवडला. मी आजवर त्याला बोल्टचं डोकं समजत आले होते. रंगाचे पापुद्रे गळाले आणि खाली पितळी टोक चमकलं.

"आपा, ग्रीस आत जायचं तोंड हे. तुम्ही रंगाने बुजवून टाकलंत."

मला लाज वाटली आणि रडूही आलं. "बाबा," मी म्हणाले, "ताकद तुमची गेली नव्हती. माझंच चुकलं."

बाबा बराच वेळ स्वतःचे तळवे उलटेसुलटे करून बघत राहिले. मग मेकॅनिकला म्हणाले, "मंजे हात बरा हाय माजा." माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

दोन दिवसांत नवीन पिना बसल्या, स्प्रिंगचे पाटे घासून स्वच्छ झाले. चाकं हवेत लोंबकळत असतानाच ग्रीस भरायचं, पिनांवर गाडीचं वजन असलं की ते सगळीकडे पोचत नाही, हेही मी शिकले. रविवारी भंगारवाला दहाला आला. खिळ्यावर चावी नव्हती. साडेदहाला व्हॅन कोपऱ्यावरून वळली, बाबांचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा खिडकीबाहेर. भंगारवाला चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

यंदा नारळी पौर्णिमेआधी पुन्हा रंग उरला. हे काम बाबा आता माझ्याकडे देणार नाहीत, असं मी धरूनच चालले होते. तर त्यांनी हाक मारली आणि ब्रशबरोबर चिंध्यांच्या छोट्या पट्ट्या हातात दिल्या, ती तोंडं आधी बांधून घ्यायला. रंग वाळल्यावर त्या सोडल्या, गाडी जॅकवर चढवली आणि मी गन घेऊन खाली सरकले.

"भरलं का?" वरून आवाज आला.

"थांबा बाबा," मी म्हणाले, "बघून सांगते."