पाय सरळ ठेवायचा

वारं सुटलं असताना फवारणी करू नये, हे दिंडोरीत शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र ब्लोअर चालू केला. औषध बांध ओलांडून थेट चुलतभावाच्या बागेवर. त्याची द्राक्षं परदेशी जायची, काढणीला आलेली. तपासणीत औषधाचा अंश निघाला तर सगळा माल बाद. तो मांडवाचा लोखंडी अँगल घेऊन धावत आला. मी म्हणालो, "वाऱ्याला सांग ना!"

अँगल बरगडीखाली बसला. पडता पडता मी त्याचा कान चावला. रक्त आलं, तेवढंच समाधान.

संध्याकाळी लघवी लालभडक झाली. त्यानंच मला पिकअपमध्ये कोंबलं. "मेला तर मला आत बसावं लागंल," म्हणत एकही खड्डा न चुकवता त्यानं नाशिक गाठलं.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन बघितला. मूत्रपिंडातली रक्तवाहिनी फुटलेली. दुसरं मूत्रपिंड माझं जन्मापासून सुपारीएवढं, नावापुरतं. हे काढावं लागलं तर आयुष्यभर डायलिसिस. "पोट फाडायच्या आधी जांघेतून नळी घालून बघू," ते म्हणाले. भूल दिली ती जांघेपुरतीच. पडद्यावर माझ्या रक्तवाहिन्या छाटलेल्या वेलीसारख्या दिसत होत्या आणि एका काडीच्या टोकाशी काळा डाग पसरत होता. नळी वळणं घेत तिथवर पोचली, डॉक्टरांनी आत तारेची बारीक वेटोळी सोडली आणि डाग पसरायचा थांबला. टाका एकही नाही.

"उद्या सकाळपर्यंत नळी घातलेला पाय सरळ," सिस्टरांनी बजावलं. "वाकवलात तर रक्ताची चिळकांडी उडेल."

त्या गेल्या. कानाला पट्टी बांधलेला चुलतभाऊ खाली वाकून माझ्या तोंडाशी आला. "काय म्हणत होता? वाऱ्याला सांगू?"

मी सणसणीत लाथ घातली. त्याच पायानं.

चादर बघता बघता लाल झाली. त्यानं दोन्ही मुठी माझ्या जांघेत रोवल्या आणि अख्खं अंग वर टाकलं. "सिस्टर! ओ सिस्टर! हा मरतोय, हा भाड्या!" मी किंचाळत होतो, तो शिव्या देत होता, रक्त त्याच्या कोपरापर्यंत.

"सोडू नको रे," मी म्हणालो.

"सोडतो काय! माझा माल पास होईस्तोवर तुला मरू देणार नाय. नंतर मीच मारीन."

सिस्टर आल्या, "आता मी दाबते, सोडा" म्हणाल्या. तो सोडेना. शेवटी त्यांनी त्याच्या मनगटावर चापट मारली.

मूत्रपिंड वाचलं. मालही पास झाला. जांघेतले त्याच्या मुठींचे काळेनिळे डाग तेवढे पुढं बरेच दिवस टिकले, आणि ते कसे पडले हे बायकोला मला एकट्यानंच समजावावं लागलं.