चांगल्या खोलीतला रेडिएटर

एलिस सग्डनला खिळा ठोकता येत नव्हता, पण खिळा कसा ठोकावा यावर तो दुपारभर बोलू शकत असे. यॉर्कशरच्या हेदरशॉ गावात लोकरीच्या गिरणीत तो तीस वर्षं मुकादम होता. म्हणजे तीस वर्षं हात पाठीशी धरून दुसऱ्यांच्या मागांमधून फिरला. गिरणी बंद पडली, मुकादमकी गेली, पण पाठीमागचे हात काही सुटले नाहीत. आता त्याच्या हुकमतीत एकच कामगार उरली होती, ती म्हणजे बायको.

मेविसनं त्याच्यावर चिडणं केव्हाच सोडलं होतं. चिडायला समोर माणूस लागतो. घरात कुठंतरी नळ गळत असावा तसं ती त्याचं बोलणं ऐकत असे.

सलग दोन हिवाळे तिला न्यूमोनियानं लोळवलं. वरच्या झोपायच्या खोलीत खिडकीला आतून बर्फ धरायचा. एलिसची कवळी पेल्यातल्या पाण्यात थिजून बसायची आणि सकाळी ती गरम पाण्यानं सोडवायचं काम मेविसचं, छाती खोकून फाटत असली तरी. एलिसला स्वतःला थंडी वाजत नसे. अंगावर चरबी एवढी होती, की थंडी आत पोचेपर्यंत वसंत यायचा.

"वरच्या खोलीत भिंतीला गरम पाण्याचा रेडिएटर बसवून घ्या," दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी एलिसच्या देखत सांगितलं. "येत्या हिवाळ्याच्या आत. तिसऱ्या न्यूमोनियातनं तुमची बायको उठायची नाही."

एलिसनं गंभीरपणे मान हलवली. मग खालच्या दारापर्यंत जाताजाता डॉक्टरांना फुप्फुसं कशी काम करतात ते समजावलं.

ऑक्टोबरात क्लेम बूथ आला. नळकामाचा माणूस, कानामागं पेन्सिल, तोंडात विझलेली सिगारेट. त्यानं स्वयंपाकघरातल्या चुलीमागचा बॉयलर ठोकून पाहिला आणि म्हणाला, "म्हातारा झालाय गडी. एकच रेडिएटर पेलंल. दोन लावलं तर दोन्ही गार. वर बसवायचा नव्हं?"

"वर?" एलिस म्हणाला. "वर कोण बगायला येतंय? फुडच्या खोलीत बसीव. खिडकीखाली."

क्लेमनं मेविसकडं पाहिलं. मेविस बटाटे सोलत होती. तिचा चाकू थांबला.

पुढची खोली म्हणजे चांगली खोली. त्या गल्लीत प्रत्येक घराला एक असे आणि तिच्यात कुणी राहत नसे. सोफ्यावर चादर, पियानोवर चादर, कपाटात लग्नातल्या कपबश्या. नाताळच्या दुपारी दोन तास, पाद्री आला तर तासभर, आणि घरात कुणी मेलं तर तीन दिवस शवपेटी ठेवायला, एवढाच तिचा वापर. एरवी आत गेलं तर बूट बाहेर, अशी एलिसच्या आईची शिस्त होती. आई गेली, शिस्त एलिसनं वारशात घेतली. त्या बाईनं मागं ठेवलेली तेवढी एकच वस्तू त्यानं नीट सांभाळली.

"डागदर काय म्हणालं, ध्यानात हाय न्हवं तुझ्या?" मेविसनं विचारलं.

"आगं, गरम हवा वर चढती. हे शास्तर हाय. खाली बसिवला म्हंजी वर आपोआप ऊब."

"मधी तुळया हाईत, फळ्या हाईत, तुज्या आयशीचा गालिचा हाय."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

शास्त्र वगैरे काही नव्हतं. समोरच्या क्रॅबट्रींनी उन्हाळ्यात घरभर रेडिएटर बसवले होते. त्यातला एक त्यांच्या पुढच्या खिडकीत पांढरा शुभ्र झळकत असे. जाता येता एलिसच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलायचा. बायकोच्या फुप्फुसात पाणी भरलं तर ते गल्लीतनं दिसत नाही. रेडिएटर दिसतो.

क्लेमनं फरशीच्या फळ्या उचकटल्या, तांब्याचा नळ नेला, खिडकीखाली रेडिएटर टांगला. एलिस हात पाठीमागं धरून दारात उभा. "डावीकडं जरा... न्हाई, तुझं डावं न्हवं... आमच्या गिरणीत आसं काम केलं आसतंस तर..." गिरणीत नळ कधी जोडला नसल्यानं हे वाक्य पुढं जाईना.

काम संपल्यावर क्लेमनं खिशातून पितळेची छोटी चौकोनी किल्ली काढली. "ह्येच्यात वरच्या कोपऱ्यात हवा साठती. ह्या किल्लीनं अधनंमधनं सोडायची. न्हाई सोडली तर खाली कोमट आन् वर मढ्यागत गार." तो हे एलिसला सांगायला वळला, तर एलिस बाहेर रस्त्यावर उभा राहून खिडकीतून रेडिएटर कसा दिसतो ते बघत होता. क्लेमनं किल्ली मेविसच्या हातावर ठेवली. तिनं ती एप्रनच्या खिशात टाकली.

मग एलिसनं आईच्या हातचा जाळीचा पडदा उतरवला आणि जाड पडदे बाजूला सारले. आठवडाभर गल्लीतली माणसं खिडकीशी रेंगाळली आणि एलिस आतून त्यांना मान तुकवत राहिला. रेडिएटर मात्र बंद. व्हॉल्व्ह त्यानं स्वतः घट्ट फिरवला होता. त्याच्या हातून झालेलं ते पहिलं घरकाम.

"चालू कर की," मेविस म्हणाली.

"रिकाम्या खोलीला ऊब? कुणासाठी?"

"मग आपण बसू तिथं."

"चांगल्या खोलीत? रोज?" तिनं अंगणात गाढव बांधायची परवानगी मागावी, तसं त्यानं तोंड केलं.

नोव्हेंबर लागला. खिडकीला बर्फ धरला, कवळी थिजली, मेविसचा खोकला परत आला. एलिसनं मात्र पाद्री एम्सलींना चहाला बोलावलं. येण्याआधी तासभर व्हॉल्व्ह उघडला, सोफ्यावरची चादर काढली, लग्नातल्या कपबश्या मांडल्या. रेडिएटर खालून कोमट झाला. वर मढं. किल्ली खिशात होती आणि मेविस खिशावर हात ठेवून बसली होती. हा माणूस एकदा तरी त्या लोखंडाला हात लावून बघतो का, एवढंच तिला पाहायचं होतं.

"फार उकडायला लागलं तर सांगा हां, पाद्रीसाहेब. कमी करता येतो," एलिस म्हणाला.

पाद्री ओव्हरकोटात बसले होते. नाकाचा शेंडा निळा. "नाही, नाही. छान वाटतंय," ते म्हणाले आणि कप दोन्ही हातांनी धरून ठेवला. मेविसला उबळ आली. पाद्री काळजीनं म्हणाले, "मिसेस सग्डन, तुम्ही तरी जरा रेडिएटरजवळ बसा ना."

"ऊब वाया जाती," एलिस उत्तरला, "मधी कुणी बसलं की."

त्यानं हात लावून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो क्लबात गेला. राजकारण्यांना अक्कल शिकवायचा त्याचा तो वार होता. मेविस रस्ता ओलांडून गेली आणि नोरा क्रॅबट्रीला घेऊन आली. दोन म्हाताऱ्यांनी गादी जिन्यावरून घसरत आणली. मधल्या वळणावर नोरा खाली बसून हसायला लागली. "अगं मेविस, तुझ्या लग्नाच्या दिवशीसुदिक येवढी घाई न्हवती तुला!"

"तवा वर काय हाय ते ठावं न्हवतं," मेविस धापा टाकत म्हणाली.

पियानो भिंतीला सरकला, सोफा स्वयंपाकघरात गेला, लोखंडी पलंग रेडिएटरला भिडला. मेविसनं किल्ली लावली. हवा फुसफुसत निघाली, कितीतरी वेळ निघत राहिली. एलिस बोलतोय असंच तिला वाटलं. मग पाण्याचा थेंब आला, तिनं किल्ली आवळली, व्हॉल्व्ह पुरता उघडला आणि वर हात ठेवला. हात भाजला. ती समाधानानं "आई गं" म्हणाली.

साडेचारला अंधार पडला. एलिस क्लबातून परतला तर त्याच्याच घरासमोर पाचसहा माणसं उभी. उजेडानं भरलेल्या खिडकीत त्याची बायको फ्लॅनेलच्या झग्यात पलंगावर बसून लग्नातल्या कपातनं चहा पीत होती.

तो धावत आत आला. "आगं गल्ली बगतीय! पडदा लाव!"

"पडदा लावल्यावर रेडिएटर कसा दिसायचा?"

"चांगली खोली हाय ही! ह्या खोलीत आयशीला ठिवलं व्हतं!"

"तुज्या आयशीला थंडी वाजत न्हवती," मेविस म्हणाली. "आन् नाईतरी तू मला हितंच आणणार व्हतास, फेब्रुवारीत. मी आपली आदीच आले. पायानं."

तीस वर्षं मुकादमकी केलेल्या माणसाला कामगारानं माग बंद केला तर काय करायचं, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं हात पाठीमागं घेतले, पुन्हा पुढं आणले, आणि गालिच्यावर एक पाऊल टाकलं.

"बूट," मेविस म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. मग उंबऱ्यावर वाकून, धापा टाकत, नाड्या सोडू लागला. बाहेरची माणसं ते बघूनच हलली.

फेब्रुवारी आला आणि गेला. मेविस खोकलीसुद्धा नाही. वरच्या खोलीत एलिसची कवळी पेल्यात थिजत राहिली, आणि रोज सकाळी तो पेला हातात घेऊन, पायमोज्यांवर, चांगल्या खोलीचं दार ठोठावत असे. रेडिएटरवर ठेवली की पाच मिनिटांत सुटायची. तेवढी पाच मिनिटं घरात कुणी बोलत नसे.