पाना न लागलेलं इंजिन

रामहरीच्या जिपेच्या इंजिनाला सोळा वर्षांत पाना लागला नव्हता. टायर, ब्रेक, क्लच, सगळं बदलून झालं, पण इंजिन कंपनीनं बांधलं तसंच. पाटोद्याच्या जीपवाल्यांत या गोष्टीला फार मान. एकदा इंजिन खोललं की गाडी 'हात लागलेली' झाली आणि तिची किंमत गेली, असं ही मंडळी धरून चालतात. मीटर चार लाख ऐंशी हजार दाखवत होतं आणि रामहरी ते भेटेल त्याला दाखवायचा. पण आता इंजिन ऑइल खाऊन धूर ओकू लागलं होतं आणि त्याच आकड्यानं त्याचं जेवण उडवलं होतं.

दुसऱ्याची गाडी असती तर यानं मिनिटात निकाल दिला असता. आमच्या गल्लीत कुणी गाडी चालू केली की हा बिनबोलावता जायचा, बॉनेटला कान लावायचा आणि "खोला" म्हणून मोकळा व्हायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पण त्याचा घोर खोटा नव्हता. भिवराबाई ही त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून याच्याकडेच असते. बावीस हंगाम ऊस तोडलेली बाई. तीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या आणि दर मंगळवारी-शुक्रवारी बीडला डायलिसिस सुरू झालं. इंजिन खोललं तर जीप पंधरा दिवस उभी, मग आक्काला न्यायचं कशात? आणि न खोलता ते मांजरसुंब्याच्या घाटात बसलं तर? या दोन प्रश्नांमध्ये रामहरी दोन महिने येरझारा घालत होता.

सकाळी उठला की इंजिनातली मापाची पट्टी ओढून ऑइल बघायचा. आठवड्याला लिटरभर गायब व्हायचं. मग त्यानं जाड ऑइल घालून पाहिलं. गाडी चालवताना नजर रस्त्यावर कमी आणि आरशातल्या निळ्या धुरावर जास्त. बंकट मिस्त्रीनं एकदा चालू इंजिनावरचं ऑइलचं झाकण काढून वर तळहात धरला, तर खालून धुराचा भपकारा आला.

"दाब मोजायचं गेज लावू का बे? कितवा सिलिंडर गेलाय ते लगेच कळंल," बंकट म्हणाला.

"नगं. पुढल्या आठवड्यात बघू."

असे किती पुढले आठवडे गेले. गेजचा काटा खोटं बोलत नाही, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर तो लावू देत नव्हता. मला त्याचा राग यायचा.

एका शुक्रवारी बीडहून परतताना घाटात जीप ओढेनाशी झाली. दुसऱ्या गिअरमध्ये रडत चढत होती आणि धूर आत येत होता. मागच्या सीटवर आडवी झालेली भिवराबाई पदर नाकाला लावून खोकत होती. रामहरी पाणी पिण्याच्या निमित्तानं तीनदा थांबला आणि बॉनेटआड ऑइल ओतून आला. तिसऱ्यांदा ती उठून बसली.

"इंजिन गेलंय न्हवं?"

"न्हाई आक्का. जुनी गाडी हाय, तापती जरा."

"मला कावून फसवतूस? आठवड्यातून दोनदा माझं सगळं रगत बाहेर काढून धुत्यात. म्हनून मी भंगारात गेले का? खोल ते."

दुसऱ्या दिवशी बंकटनं गेज लावलं. तीन सिलिंडर ठीक निघाले, चौथ्यात काटा अर्ध्यावरच अडला. त्यात जरासं ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा वर गेला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. ऑइलनं फट भरली म्हनून दाब आला. आता थांबलास तर पिस्टन जाम हुईल, लई म्हागात पडंल," बंकट म्हणाला. रामहरी मान हलवून बाहेर गेला आणि पाना लागल्याचा आवाज येईपर्यंत परत आला नाही.

मंगळवारी दोघं एसटीनं निघाले. सोळा वर्षांत हा बसमध्ये बसला नव्हता. उजवा पाय उगाच फळीवर दाबत होता, ड्रायव्हरच्या प्रत्येक गिअरला पुटपुटत होता. आक्का खिडकीशी, हा शेजारी. तीन वर्षं तिला नेलं-आणलं, पण ती कायम मागच्या सीटवर. याला ती आरशात दिसायची तेवढीच.

घाटात बस हिसकली आणि त्यानं झटकन तिचं डावं मनगट धरलं. बोटांखाली काहीतरी थरथरत होतं, बारीक, न थांबता.

"आक्का, हे काय थरथरतंय?"

"शिरा जोडल्यात न्हवं का तिथं, सुया टोचायला. तीन वर्सं झाली. थरथर हाय तवर चालू हाय. थांबली की लगीच या म्हनलेत डागदर. रोज सकाळी हात लावून बघायचं."

"मग रोज कोण बघतंय?"

"मीच. तू असतूस की जिपेपाशी."

बीड येईपर्यंत रामहरीनं ते मनगट सोडलं नाही, आणि ड्रायव्हरनं पुढं कुठले गिअर टाकले तेही त्याला कळलं नाही.

जीप अठराव्या दिवशी आली, धूर गेला. तो अजून रोज सकाळी पट्टी ओढून ऑइल बघतो. पण त्याआधी आक्काच्या खाटेपाशी जाऊन तिच्या मनगटाकडं हात पुढं करतो.