वहिनीच्या हेडसेटचा चार्जर

पिन बसली की चार्जर जमला, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाशी मी हल्ली वाद घालत नाही. ने बाबा, काय जाळायचं ते जाळ. जिन्याखालच्या माझ्या दुकानात चार्जर, वायरी, कव्हरं आणि इयरफोन एवढाच माल, पण दिवसभर समजावून समजावून तोंडाला फेस येतो. एक माझी वहिनीच काय ती शहाणी. सगळं ऐकून घेते, चार्जर उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचते आणि म्हणते, "बरं, वन्सं म्हणतात तर खरंच असेल." ते 'वन्सं' मला चिडवायला. नवऱ्याच्या बहिणीला हल्ली कोण असं म्हणतं?

वहिनी म्हणजे टापटिपीचा अवतार. वायर गुंडाळून तिला लोकरीचा धागा बांधणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि नवरा मिळाला माझा दादा! टॅक्सी चालवायचा. घराची किल्ली रोज विसरायचा. दाराची बेल बंद पडलेली, ती "रविवारी बघतो" म्हणून कित्येक रविवार तशीच. मग हा पठ्ठ्या संध्याकाळी खालच्या मजल्यावरूनच वहिनीला आवाजी निरोप पाठवायचा, "अगं, दार उघड. हात भरलेत." हात भरलेला माणूस फोन कसा दाबतो, हे कोडं मला कधी सुटलं नाही. वहिनी कपाळावर हात मारायची आणि उठायची. तो वर येईपर्यंत दार उघडं असायचं आणि तिचे दोन्ही हात पिशव्या घ्यायला पुढे.

मग एक दिवस टॅक्सी स्टँडवरच दादाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं, ते पुन्हा उचललं नाही. हॉस्पिटलातून पिशवी आली, ती आईने घेतली. त्यात घड्याळ, चष्मा आणि त्याचा बिनवायरचा हेडसेट निघाला. फोन नव्हता. गर्दीत कुणीतरी हात साफ केला असणार, असं सगळेच म्हणाले. त्या चोराला मी इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

टॅक्सी कंपनीवाले तसे भले. त्यांनी वहिनीला काम दिलं. घरी बसून गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे आणि जवळची टॅक्सी पाठवायची. कामाचा फोनही कंपनीनेच दिला. घर त्याच पगारावर चालणार होतं, आईची औषधंसुद्धा. दिवसभर फोन कानाला लावून मान मोडायची वेळ आली, तेव्हा वहिनीने कपाटातून दादाचा हेडसेट काढला. तो केव्हाचा पार बंद पडलेला आणि चार्जर घरात कुठेच सापडेना. वहिनीच्या घरात वस्तू सापडत नाही म्हणजे कमालच!

ती हेडसेट घेऊन माझ्याकडे आली. मी पाहिलं, जुनी चपटी बारीक पिन. म्हटलं, "हे बघ, लेबलवर पाच व्होल्ट लिहिलेला घ्यायचा. अँपिअर थोडे जास्त असले तरी बिघडत नाही, हेडसेट लागेल तेवढंच ओढून घेतो. पण उगाच स्वस्तातला नको. त्याचं आत एक, बाहेर एक असतं. आणि उशीखाली ठेवून चार्ज करू नकोस."

"उशीखाली कोण ठेवतं?" वहिनी म्हणाली.

"दुनिया ठेवते."

तिने हसून चार्जर नेला. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

थोड्या दिवसांनी परत आली. म्हणाली, "कानात आवाज येतो."

मला काय, आवाज म्हटलं की चार्जरच आठवतो. वाईट चार्जर लावून हेडसेट वापरला की कधीकधी गुणगुणतो. मी चार्जर बदलून दिला. पुन्हा आली. पुन्हा बदलला, या वेळी दुकानातला सगळ्यात चांगला. शिवाय बजावलं की चार्जरला लावलेला असताना कानात घालू नकोस, आधी पुरता भरू दे. तिने मान डोलावली. पण चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. वायरीचा लोकरी धागासुद्धा सुटलेला होता.

तिसऱ्यांदा आली तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. मी म्हटलं, "आता काय, चार्जरची फॅक्टरी काढू तुझ्यासाठी?"

"तो गुणगुणत नाही," ती म्हणाली. "तो बोलतो. दार उघड म्हणतो. हात भरलेत म्हणतो."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मग तिनेच सगळं सांगितलं. दुपारी, दोन फोनच्या मधे, कानात दादाचा आवाज येतो. ती हेडसेट काढून टेबलावर ठेवते, जाते आणि कडी काढून दारात उभी राहते. जिन्यात कुणी नसतं. वेड्यासारखी थांबते. आत कामाचा फोन वाजून वाजून बंद पडतो. कंपनीच्या बाईंनी बजावलं होतं की पुन्हा असं झालं तर दुसऱ्या कुणाला तरी घेऊ.

"मग जाऊ नकोस ना दाराशी!" मी ओरडलेच. भीती वाटली की मी ओरडते.

"तो बाहेर उभा असेल आणि मी बसून राहू?" वहिनी म्हणाली.

ओरडू कुणावर? मी शटर खाली ओढलं आणि तिच्याबरोबर तिच्या घरी गेले.

घरात पाऊल टाकलं आणि मलाच कसंतरी झालं. दादाच्या चपला दाराशी तशाच. मधल्या खोलीत वहिनीचं टेबल आणि कामाचा फोन, शेजारी मी दिलेला चार्जर. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. वहिनी म्हणाली, "आई पडल्यात. हल्ली जेवणावरची वासनाच गेलीय त्यांची. दोन घास खातात आणि ताट सरकवतात. विचारलं तर बोलत नाहीत."

मी हेडसेट कानांवर चढवला आणि चालू केला. वहिनी समोर बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. फोन आला की ती फोनवरूनच बोलायची. मी आपली भिंतीकडे बघत बसले. आधी काहीच नाही. मग मनात म्हटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, चांगल्या डॉक्टरकडे न्यायला हवं.

आणि दादा बोलला.

"अगं, दार उघड. हात भरलेत."

दोन्ही कानांत, माझ्या डोक्याच्या अगदी मधोमध. थोडा धापा टाकत, जिना चढताना बोलायचा तसा. हेडसेट ओरबाडून काढला तो जमिनीवर पडला. वहिनी माझ्याकडे बघत होती. "ऐकलंस ना?" तिने विचारलं, आणि तिच्या तोंडावर भीती नव्हती हो, आनंद होता. मी वेडी नाही म्हणून, की तो खरंच आला म्हणून, देव जाणे. ती उठली आणि दाराकडे गेली. मी तिला अडवलं नाही.

कडीचा आवाज झाला, आणि त्याच वेळी आतल्या खोलीतून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं.

दुकानात बसून बसून एक सवय लागते, घाबरल्यावरही हात यंत्राकडेच जातो. मी हेडसेट उचलला, बंद केला, पुन्हा चालू केला. चालू झाल्यावर आतली यांत्रिक बाई सांगते, फोन जोडला. या खेपेला मी नीट ऐकलं. पहिला फोन जोडला, म्हणाली. थोडं थांबली. दुसरा फोन जोडला.

वहिनीने हेडसेटला जोडलेला फोन एकच, कामाचा. हेडसेट जुना, दादाचा. त्याच्या आठवणीत दादाचा फोनही असणारच, आणि तो फोन चालू असल्याशिवाय, आणि अगदी जवळ असल्याशिवाय, ही बाई असं म्हणणार नाही. वहिनीला पाठवलेला त्याचा जुना निरोप त्या फोनमधून निघायचा आणि हेडसेट जोडलेला असला की फोनमध्ये वाजण्याऐवजी इकडे कानात यायचा. भूत नाही, भानामती नाही. मी आतल्या खोलीचं दार ढकललं.

आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. डोक्यावरून शाल घेतलेली, आणि शालीच्या आत उजेड. मी शाल बाजूला केली. दादाचा फोन तिने कानाशी धरला होता आणि अंगठ्याने एकाच जागी दाबत होती, पुन्हा पुन्हा. उशीखालून हरवलेल्या चार्जरची वायर आलेली. ज्या चोराला मी इतके दिवस शिव्या घातल्या, तो हा.

"आई!" माझा आवाज चढला. "हे काय आहे?"

"रागावू नकोस गं," आई म्हणाली. "पिशवीत होता, ठेवून घेतला. त्याचा आवाज आहे यात. तुझी वहिनी कामाला बसली की दाबते. आधी मला ऐकू यायचा. मग एकदम बंदच झाला. म्हटलं, मी फार दाबलं, संपला बहुतेक."

मग कळलं ताट का सरकवत होती. हेडसेट भरून चालू झाला त्या दिवसापासून आईचा मुलगा तिच्याशी बोलेनासा झाला होता. तो चार्जर मीच निवडून दिला होता, चांगला पारखून.

"बंद झाला तर मग रोज दाबतेस कशाला?"

आईने शालीचं टोक डोळ्यांना लावलं. "मला नाही ऐकू येत. पण मी दाबलं की ही जाऊन दार उघडते. कडी वाजते ना, ती येते मला ऐकू. म्हटलं, मला नाही तर नाही, तिला तरी हाक पोचतेय."

वहिनी मागे दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. आता ही फोन हिसकावून घेईल, भांडेल, असं मला वाटलं. भांडली असती तर मी तिचीच बाजू घेतली असती. ती आली, आईच्या पलंगावर बसली आणि आईचा हात हातात घेऊन नुसती रडली. दादा गेल्यावर तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांचं तीच बघत होती ना.

नोकरीचं आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. दुसऱ्या दिवशी मी तिला दुकानातला कोरा हेडसेट दिला, तिचं काम टिकलं. दादाचा हेडसेट आता दादाच्या फोनशेजारी आईच्या खोलीत असतो, दोघांना मिळून एक चार्जर. आणि उशीखाली चार्ज करायचं नाही, म्हणून मी आईला दम भरलाय.

पण त्या दुपारचं राहिलंच. मी हेडसेट बंद केला. फोन आईच्या हातात दिला आणि म्हटलं, "आता दाब."

आईला धीर होईना. वहिनीने तिचा अंगठा धरून दाबला.

"अगं, दार उघड. हात भरलेत."

या वेळी तो खोलीभर बोलला. आई वहिनीकडे बघत राहिली. वहिनी हलली नाही. तिने आईचा हात घट्ट धरून ठेवला होता आणि डोळे मिटले होते. कुणी उठेना. तो जिन्यात उभा आणि घरात आम्ही तिघी बसलेल्या. मला ते बघवेना.

म्हणून मीच उठले. मघाशी सगळा हिशोब लावून बसलेली मी, भूतबीत काही नाही म्हणणारी. मधल्या खोलीतून गेले, दादाच्या चपला ओलांडल्या आणि कडी काढली. बाहेर रिकामा जिना आणि खालच्या मजल्यावरचं ऊन.

आतून आईने हाक मारली, "अगं, आधी त्याच्या हातातलं घे."

मी दोन्ही हात पुढे केले.