दारातला कढीपत्ता

२०२४ साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीत सुटली, पण बोअरच्या गाडीवर उभा जन्म काढला. पाणी कुठं लागेल हे मला कुणी शिकवायचं नाही. बेंगळुरूत आमच्या गल्लीच्या पिण्याच्या पाण्यासाठी पहिलं बोअर कुठं मारायचं, तेही मीच सांगितलं: देवळामागं. दिवसभर खोदलं, तर वर नुसती दगडाची पांढरी भुकटी आली, पाण्याचा थेंब नाही.

शेजारची अक्का रिकामी घागर घेऊन उभी होती. "अण्णा, गाडी उद्या जाणार म्हणे. आता कुठं?"

"थांब स्वल्प, जरा बघू दे," म्हणालो.

खरं तर पाणी कुठं आहे ते मला ठाऊक होतं. माझ्या दारात बायकोनं लावलेला कढीपत्ता ऐन उन्हाळ्यात पाणी न घालताही हिरवागार असायचा. ती म्हणायची, "साऱ्या मुलखाला पाणी दाखवता, अन् स्वतःच्या दारातलं दिसत नाही!" मी म्हणायचो, "तू आपली फोडणी बघ."

तिला जाऊन चार वर्षं झाली होती. रोज सकाळी मी कढीपत्त्याचं एक पान चुरगाळून बोटांचा वास घ्यायचो. तेवढ्यापुरती ती स्वयंपाकघरात असायची. पण तो टोमणा काही ऐकू यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेलं एक रोप मातीसकट डब्यात लावलं. गाडीवाल्याला म्हटलं, "गाडी माझ्या दारात आण. कढीपत्ता आहे तिथंच बोअर मारायचं." आणि झाड तोडायला मीच कुऱ्हाड घेतली.